संगणकाचा ताप

संगणकाचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा त्याच्या बुद्धीचा आणि वेगाचा इतिहास सांगतात. त्याच्या तापाचा इतिहास सांगण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः हीं दोन प्रकरणें एकमेकांपासून वेगळीं काढतांच येत नाहींत. विजेवर चालणारें गणकयंत्र जेवढी वीज घेतें, तेवढी जवळजवळ सगळीच अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतें. आणि ही उष्णता वेळच्या वेळीं दूर नेली नाहीं, तर वेग तर राहोच, यंत्रही धड राहत नाहीं. हाच प्रश्न आज पुष्कळ घरांत एका निराळ्या वाटेनें शिरला आहे. खेळांसाठीं घेतलेला संगणक कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें चालवावा, अशी हौस घरांतील तरुण मंडळींना असते. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मग लगोलग प्रश्न येतो, कीं यंत्र थंड ठेवण्यास पंखा पुरे, कीं पाणी खेळविणारी योजना हवी? दुसरीला खर्च अधिक. म्हणून वडील मंडळी साशंक आणि तरुण मंडळी आग्रही असतात. या वादांत इतिहासाची साक्ष काढावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सन १९४६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें ‘एनिॲक’ हें यंत्र जगापुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तें १५० किलोवॅट वीज खात असे. इतक्या नळ्या एकत्र पेटल्या म्हणजे दालनाची भट्टी व्हावयास वेळ लागत नाहीं. म्हणून त्याच्या कर्त्यांनीं मोठमोठे पंखे बसवून हवा आंत खेळविली, आणि एखादा भाग फार तापल्यास त्याची वीज आपोआप तुटावी अशीही तजवीज केली. म्हणजे गणनेचें यंत्र आणि तें निवविण्याचें यंत्र हीं जन्मापासूनच जोडीनें आलीं.

पुढें नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले. एकेक घटक पूर्वीपेक्षां थोडी वीज घेऊं लागला खरा. परंतु तितक्याच जागेंत त्यांची दाटी इतकी वाढली, कीं हवा अपुरी पडूं लागली. पाणी हें उष्णता वाहून नेण्याच्या कामीं हवेपेक्षां फार समर्थ आहे. सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतलें, तर तितकाच अंश तापण्यास पाण्याला तीन हजार पटींहून अधिक उष्णता लागते. म्हणूनच १९६० नंतरच्या दशकांत आयबीएम कंपनीनें आपल्या मोठ्या यंत्रांत थंड पाणी आणलें. सन १९८० च्या तिच्या ‘३०८१’ या यंत्रांत तर प्रत्येक चिपेवर स्प्रिंगनें दाबलेला धातूचा एक दट्ट्या होता, भोंवतीं हेलियम वायु भरलेला होता, आणि वर पाण्यानें थंड केलेली पाटी होती. हेलियम अशासाठीं, कीं तो हवेच्या सुमारें सहापट चांगला उष्णतावाहक आहे.

या क्षेत्रांतील सर्वांत धाडसी पुरुष म्हणजे सीमोर क्रे. त्याचें ‘क्रे-१’ हें यंत्र १९७६ सालीं लॉस अलामॉस येथें बसलें. सेकंदाला आठ कोटी ठोके हा त्याचा वेग, आणि सुमारें ११५ किलोवॅट हा त्याचा विजेचा आहार. तें थंड ठेवण्यास उभ्या धातुपट्ट्यांच्या आंतून फ्रिऑन खेळविला होता. आरंभीं सांध्यांतून तेल पाझरे, म्हणून झाळकामाची नवी रीत शोधावी लागली. पुढें १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्यें त्यानें सगळीं मंडलेंच फ्लोरिनर्ट नांवाच्या, विजेला न जुमानणाऱ्या द्रवांत बुडवून ठेविलीं. गणिताइतकेंच नळकामही त्याला कसोटीचें वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु येथेंच इतिहास एक वळण घेतो, आणि तेंच आमच्या प्रश्नाला महत्त्वाचें आहे. १९९० नंतर सीमॉस नांवाची मितव्ययी रचना मोठ्या यंत्रांतही आली, आणि पाण्याचे नळ काढून ठेवून निर्माते पुनः हवेकडे वळले. ज्यांच्यापाशीं पैशाची वाण नव्हती, त्यांनींही पाण्याचा स्वीकार हौसेखातर केला नव्हता. हवा थकली तेव्हां केला, आणि हवा पुरेशी होतांच तो सोडला. पुढें दाटी पुनः असह्य झाली, तेव्हां १९९० ला वीस वर्षें उलटण्याच्या आंतच पाणी परतही आलें.

घरगुती संगणकाची कथा याहून साधी आहे. १९८१ च्या आयबीएमच्या संगणकांत प्रोसेसरचा वेग सेकंदाला सुमारें ४७ लाख ७० हजार ठोके होता, आणि त्याला स्वतःचा पंखा नव्हता. १९९३ सालीं पेंटियम आला, तेव्हां धातूचीं पंखें असलेला ठोकळा आणि त्यावर लहानसा पंखा ही नित्याची गोष्ट होऊं लागली. १९९८ सालीं तर मोठीच मौज झाली. इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर मूळ ३० कोटी ठोक्यांचा. पण केवळ बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, कीं तो बहुधा ४५ कोटींवर सुखानें चाले. थोड्या पैशांत दीडपट वेग मिळतो म्हटल्यावर हौशी लोकांची झुंबड उडाली. कांहींनीं मोटारगाडीच्या हीटरची जाळी आणि माशांच्या टाकीचा पंप जोडून घरच्याघरीं पाणी खेळविलें. आज दुकानांत बंद पेटींत मिळणारी पाण्याची योजना ही त्याच खटपटीची सुधारलेली आवृत्ति होय.

आतां या हौसेला निसर्गानें घातलेली मर्यादा पाहूं. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग वाढवावयाचा तर एका हद्दीपुढें दाबही वाढवावा लागतो. समजा, वेग दहा टक्क्यांनीं वाढविण्यास दाबही दहा टक्क्यांनीं वाढवावा लागला. तर उष्णता दहा नव्हे, सुमारें तेहेतीस टक्क्यांनीं वाढते. रॉबर्ट डेनार्ड यानें १९७४ सालीं दाखविलें होतें, कीं ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसा दाबही कमी करतां येईल. हा आधार २००५ च्या सुमारास तुटला. १९९० नंतरच्या दशकांत वेगाच्या शर्यतींत पुढें धांवणाऱ्या इंटेलनें २००४ सालीं ४०० कोटी ठोक्यांचा पेंटियम ४ काढण्याचा बेतच सोडून दिला. त्या वर्षीं तिचा वेगवान प्रोसेसर ३८० कोटींवर थांबला आणि ११५ वॅट उष्णता टाकीत होता. शंभर वॅटच्या दिव्याहून अधिक उष्णता एवढ्याशा चकतींतून! द्रव हेलियमच्या साह्यानें २०११ सालीं एक प्रोसेसर ८४० कोटींपर्यंत नेला गेला. परंतु तो पराक्रम क्षणाचा, नित्याच्या उपयोगाचा नव्हे.

मग निवड कशी करावी? हवेचा चांगला ठोकळा म्हणजे केवळ धातूचा गोळा नव्हे. त्यांत तांब्याच्या बंद नळ्या असतात. आंत थोडें पाणी अल्प दाबाखालीं असतें. तप्त टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते, आणि आंतील सच्छिद्र अस्तरांतून पाणी आपोआप परततें. लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यानें १९६३ सालीं ही युक्ति नव्यानें पुढें आणली. या नळींत हलणारा भागच नाहीं, म्हणून ती सहसा बिघडत नाहीं. बिघडलाच तर वरचा पंखा बिघडतो, आणि तो थोडक्यांत बदलतां येतो. पाण्याच्या योजनेंत पंप आला, नळ्या आल्या, सांधे आले. त्यांतील एकही दगावला, तर सगळें अडतें. मात्र प्रोसेसर अनेक गाभ्यांचा असून तासचे तास पूर्ण भारावर राबणार असेल, तर मोठ्या रेडिएटरची योजना खरोखरच उपयोगी पडते, हेंही नाकारूं नये.

आमच्याकडील हवेचा विचारही येथें करावयास हवा. हवा काय किंवा पाणी काय, दोन्ही यंत्राला खोलीच्या तपमानाखालीं नेऊं शकत नाहींत. खोली २५ अंशांवर असतां जो प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो, तोच वैशाखांत नागपुरास ४० अंशांच्या खोलींत ९० च्या घरांत जाईल, आणि आजच्या पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांचीच आहे. त्याखालीं जावें म्हणून कोणी पेल्टिए यानें १८३४ सालीं शोधलेल्या विद्युत्-शीतनाचा आश्रय करील, तर मुंबईच्या पावसाळ्यांत थंड धातूवर दंव सांचून मंडलच भिजावयाचें. शिवाय खेळांच्या संगणकांत चित्रे काढणारें ग्राफिक्स कार्ड पुष्कळदां प्रोसेसरहून अधिक तापतें. म्हणून पेटींतून वारा समोरून आंत व मागून बाहेर मोकळा वाहतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. किंमती योजनेचा विचार मागाहून.

आणखी एक गोष्ट. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर स्वतःच आपलें तपमान पाहून वेग वाढवूं लागले, आणि इतरांनींही तीच वाट धरली. पूर्वीं हौशी माणूस जें फुकट लुटीत असे, त्यांतील बहुतेक भाग आज कारखानाच विकून टाकतो. उरतो तो शेवटचा चतकोर; तो मिळविण्यास उष्णता मात्र भरमसाट लागते. म्हणून आमच्या मतें साधारण गृहस्थानें प्रथम हवेचा उत्तम ठोकळा घ्यावा, खोली व पेटी हवेशीर ठेवावी, वेग थोडाच वाढवावा, आणि पूर्ण भारावर तपमान मोजून पाहावें. तें मर्यादेला टेकत असेल तरच पाण्याकडे वळावें. अति तेथें माती ही म्हण यंत्रांनाही लागू आहे. आणि पंख्यानें घ्या कीं पाण्यानें घ्या, प्रोसेसरमधून काढलेली उष्णता अखेर त्याच खोलींत, खेळणाऱ्याच्या अंगावरच यावयाची आहे.