पोटात पाय

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आमच्या घरी गरीब चेहऱ्याच्या लबाड माणसासाठी राखीव होती. तिचा खरा अर्थ कळला तो 2022 च्या पावसाळ्यात. लातूरकडे मामाचं सोयाबीन नुकतं उगवून आलं होतं, ते शंखी गोगलगायींनी रातोरात फस्त केलं. दुबार पेरणी केली, तीही गेली. मामा फोनवर म्हणाला, "टोळधाड आली असती तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं. गोगलगायीनं हरवलं रे मला!"

यंदा तीच पाहुणी पुण्याला आमच्या बागेत आली आणि आईचे झेंडू गेले. म्हटलं, बघू तरी हिचं कूळ.

तर मंडळी, ही मूळची पूर्व आफ्रिकेची. तिथून गेली मॉरिशसला. 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने तिथून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. बस्स, एवढंच! नर-मादी एकाच देहात आणि एका वेळी शंभरावर अंडी. पुढचं सांगायला नको.

मोठे उपायही अंगाशी आले. हिला खाण्यासाठी 1955 मध्ये हवाई बेटांवर दुसरी शिकारी गोगलगाय आणली. तिने तिथल्या निरुपद्रवी गोगलगायींच्या कित्येक जाती संपवल्या. आफ्रिकन बाई मात्र मजेत राहिल्या.

उपयोगी पडलं ते मामाचं घरगुती शास्त्र. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याकडेला टाकायचं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या (त्यांच्या अंगात रोगाचे जंत असू शकतात) आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ मातीत मात्र टाकायचं नाही, नाहीतर झाडंच जातात. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा पट्टा ओढायचा. पाऊस पडला की पुन्हा. माती उकरताना साबुदाण्यासारखी अंडी दिसली तर तीही काढायची.

मामा शेवटी म्हणाला, "पण एकट्याच्या बांधावर हे चालत नाही बघ. शेजाऱ्यानंही वेचाव्या लागतात."

हेच मनात राहिलं. आणायला एका माणसाची हौस पुरली. घालवायला पावणेदोनशे वर्षांनंतर अख्खं गाव लागतंय.

असो. काल शेजारच्या काकूंनाही एक गोणपाट देऊन आलोय. आईने झेंडूचं बी पुन्हा पेरलंय.