खून, हत्या आणि वध



मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांपैकी मनुष्याचा जीव घेण्यास मनाई करणारी आज्ञा मूळ हिब्रूत अवघ्या दोन शब्दांची आहे. यहुदी व प्रॉटेस्टंट तिला सहावी म्हणतात, वसई-गोव्याकडील कॅथलिक पाचवी. मराठी बायबलात तेथे 'खून' हा शब्द योजला आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलात मात्र नुसते 'ठार मारणे' या अर्थाचे क्रियापद आहे. या फरकावर फाशीचे व युद्धाचे समर्थक आणि विरोधक पिढ्यानपिढ्या वाद घालीत आले आहेत.

मूळ धातू 'रात्सह'. लढाईत शत्रूला मारणे, पशू कापणे यांसाठी हिब्रूत सामान्यतः निराळे शब्द येतात. तेव्हा आज्ञेचा रोख माणसाने माणसाचा अन्यायाने जीव घेण्यावर आहे, असे पुष्कळ पंडित मानतात. पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. अनुवाद या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात रानातल्या लाकूडतोड्याचे उदाहरण आहे. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि सोबतचा माणूस मरतो. त्या निर्हेतुक माणसालाही याच धातूपासून झालेले नाव लावले आहे. गणना ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात तर खुन्याला देहदंड देण्यासाठीही हेच क्रियापद येते.

याचा अर्थ मला असा दिसतो, की रक्त कोणीही सांडो, त्याचा हिशेब समाजापुढे द्यावाच लागतो. म्हणूनच तेथे सहा आश्रयनगरे नेमली, मंडळीपुढे चौकशी ठेवली, एकाच साक्षीदाराच्या शब्दावर प्राण घेण्यास मनाई केली आणि खुन्याकडून द्रव्य घेऊन त्याला सोडू नये असेही ठरविले. आज्ञेच्या पाठीशी न्यायसभा उभी आहे.

आता आपल्या भाषेकडे वळू. 'खून' हा फारसी शब्द. मूळ अर्थ रक्त. 'हत्या' आणि 'वध' संस्कृतातून आले. परंतु मराठीत 'वध' म्हटले की मारणाऱ्याच्या बाजूला न्याय आहे असे सूचित होते. कंसाचा वध होतो. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली झाला तो अफझलखानाचा वध. पण 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले, तो खूनच. तलवार गारद्यांची होती. रामशास्त्र्यांनी मात्र ती चालविण्यामागच्या माणसाचा शोध घेतला आणि दोष राघोबादादांच्या पदरी घातला.

30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींना गोळ्या घालण्यात आल्या. त्या कृत्याला काहींनी 'वध' म्हटले, आजही म्हणतात. ज्याने मारले त्यानेच न्यायाधीश व्हावयाचे, हा त्या शब्दाचा अर्थ. पण दुसरी बाजूही आपल्या घरची आहे. त्या बातमीनंतर याच कोल्हापुरात मारेकऱ्याच्या जातीची म्हणून निरपराध माणसांची घरे पेटली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्या जमावानेही मनातल्या मनात निकाल देऊनच काकडा पेटविला होता. उलट महात्माजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनी मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली.

आणि 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच शहरात सकाळी फिरावयास गेलेल्या गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. असे काही घडले की चावडीवर, चहाच्या टेबलावर आपण पहिला शब्द कोणता उच्चारतो, याकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. साक्षीपुराव्याआधीच तोंडातून 'वध' निघाला, तर निकाल आपणच देऊन टाकलेला असतो. त्या दोन हिब्रू शब्दांनी ही मुभा कोणालाच दिलेली नाही.