पावागड आणि विश्वामित्री

बडोद्याच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर सपाट मैदानातून एकाएकी उठलेला पावागड आपणांस कालिकेच्या यात्रेमुळे परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो वाटांचा आणि पाण्याचा डोंगर म्हणून पाहावा. उंची सुमारे ८०० मीटर. दगड दख्खनच्या लाव्ह्याचाच, म्हणजे सह्याद्रीचा सोयरा.

उत्तरेस मही, दक्षिणेस नर्मदा, आणि त्यांच्या मधून गोध्रा-दाहोदवरून माळव्यात चढणारी वाट. या वाटेवर नजर ठेवावयाची तर गड हाती हवा. महमूद बेगड्याने प्रदीर्घ वेढ्यानंतर तो १४८४ साली घेतला व पायथ्याच्या चांपानेरास राजधानी केली. १५३५ साली हुमायूनची माणसे कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून वर चढली. पुढे गड शिंद्यांकडे आला. १८०३ साली इंग्रजांनी तो जिंकला, तहाने परत केला; अखेर १८६१ साली पंचमहालांसह तो इंग्रजांकडे गेला. गायकवाडांच्या राजधानीजवळचा हा गड शिंद्यांचा होता, हे पुष्कळ बडोदेकर विसरतात.

पाणी मात्र विसरू देत नाही. विश्वामित्री येथेच उगम पावते, सयाजीबागेतून वाहत जाऊन ढाढरला मिळते. तिच्या सूर्या या उपनदीवर सयाजीरावांनी आजवा सरोवर बांधून शहरास पाणी दिले. वरच्या मुलुखातील पाऊस आणि आजव्याचे पाणी एकत्र आले, की काय होते ते ऑगस्ट २०२४ मध्ये आपण पाहिले. मगरी रस्त्यांवर आल्या. नदीकाठच्या ज्या घळी पुराचे पाणी पोटात घेत, त्यांतील कित्येक बुजवून आपण वर इमारती बांधल्या आहेत.