कोसळलेला मानस्तंभ आणि कागदावरचे वेरूळ

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे जमीनदोस्त झाली. गेलेल्या माणसांच्या दुःखाला तोड नाही. त्याचबरोबर भिंतींवरच्या तसबिरी, पोथ्या आणि जुनी छायाचित्रेही मातीत मिसळली. वास्तू पडल्यावर तिचे रूप सांगायला चित्रच उरते. या सत्याची साक्ष देणारे इतिहासातील एक उदाहरण सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी वाचकांपुढे ठेवीत आहे.

वेरूळच्या जैन लेण्यांत 32 क्रमांकाचे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून प्रसिद्ध आहे. गजारूढ यक्षाला इंद्र समजल्यामुळे हे नाव रूढ झाले. त्याच्या प्रांगणात एका बाजूस पाषाणाचा हत्ती, तर दुसऱ्या बाजूस 27 फुटांहून उंच मानस्तंभ होता. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक (कार्यकाल 1872 ते 1876) लेणी पाहून गेले आणि दुसऱ्याच दिवशी हा स्तंभ कोसळला, अशी नोंद पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांनी केली आहे. पुढे तो पुन्हा उभारण्यात आला.

या घटनेच्या सुमारे 70 वर्षे आधी, 1803 मध्ये, लंडनच्या टॉमस डॅनियल यांनी वेरूळच्या 24 दृश्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यात इंद्रसभेचाही समावेश होता. मूळ रेखाटने जेम्स वेल्स यांची होती. सवाई माधवराव पेशव्यांचे चित्र रंगविणारे ते हेच स्कॉटिश चित्रकार. 1795 मध्ये त्यांचे निधन झाल्याने छापील संच त्यांना पाहता आला नाही. पुण्याचे गंगाराम तांबट यांनीही त्याच काळात वेरूळची रेखाटने केली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे.

तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी चिकटवून तो आम्लाने कोरीत आणि छापलेल्या चित्रावर हाताने रंग चढवीत. रंगकाम लेण्यांपासून दूर लंडनमध्ये होत असे. म्हणून अशा चित्राचे मोल ठरविताना वास्तूचा पुरावा रेषेत शोधावा, रंगावर फार विसंबू नये. अस्सल प्रतीत चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला दिसतो. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची सारखी जाळी दिसली, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई समजावी. कागद उजेडासमोर धरल्यास कारखान्याचे जलचिन्ह, क्वचित सालही आढळते. मात्र जुन्या पत्र्यावरून नंतरही प्रती काढता येतात, म्हणून अंतिम निर्णय जाणकारावर सोपवावा.

जतनाचे नियम साधे आहेत. चित्राच्या कडा कापू नयेत, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन करू नये, प्लायवूडवर चिकटवू नये. आम्लरहित कागदाचा आधार द्यावा, काच चित्राला टेकू देऊ नये, ऊन आणि पावसाळी ओल यांपासून चित्र दूर ठेवावे. त्याची छायाप्रत काढून दुसऱ्या गावी ठेवावी.

समाजबांधवांच्या घरी मंदिराचे, वाड्याचे वा गावाचे एखादे जुने चित्र असेल, तर त्यामागे स्थळ आणि साल लिहिलेली चिठ्ठी आजच ठेवावी. चित्रावर शाईने काही लिहू नये. वेरूळचा स्तंभ पुन्हा उभा राहिला. आपल्या परिसरातील किती वास्तूंचे मूळ रूप पुढच्या पिढीला सांगता येईल, हे आपण जपलेल्या कागदांवर अवलंबून आहे.