गिट, बिटकीपर आणि फेरफाराची वही

लांब पोस्ट आहे, सवडीने वाचा. ज्यांची पोरं हिंजवडीला किंवा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांच्या कानावरून ‘गिट’ हा शब्द गेला असेल. पण ही पोस्ट त्यांच्यापेक्षा तलाठी कार्यालयात खेटे घालणाऱ्यांसाठी जास्त आहे. गिट म्हणजे नेमकं काय, हे त्यांना पटकन कळेल.

सातबाऱ्यावरून एखाद्याचं नाव कमी होतं तेव्हा ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. शेजारी फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडला की बदल कधी झाला, वारसाने झाला की खरेदीखताने, आणि मंडळ अधिकाऱ्याने तो कधी प्रमाणित केला, हे सगळं सापडतं. म्हणजे आजची स्थिती एका कागदावर आणि ती तशी का झाली हे दुसऱ्या वहीत. ही वही नीट ठेवली जाते का, हा वेगळा वाद. पण वही हवी, हे आपल्या गावात कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

संगणकाच्या प्रोग्रामलाही अशीच वही लागते. प्रोग्राम म्हणजे शेवटी हजारो-लाखो ओळींचा मजकूर. दहा जण त्यात रोज हात घालतात. काल चालत होतं ते आज बंद पडलं, तर कोणी कुठली ओळ बदलली हे कळायला नको? आमच्या छपाईच्या धंद्यात डीटीपीवाला पानाच्या फाइलला ‘अंतिम’, मग ‘अंतिम २’, मग ‘अंतिम नक्की’ अशी नावं देत जातो. सुरुवातीला प्रोग्रामर मंडळींचंही फार वेगळं नव्हतं.

१९७२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी अशी पहिली नाव घेण्यासारखी वही बनवली, एससीसीएस. पुढे १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठात डिक ग्रून नावाचे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांबरोबर एकाच प्रोग्रामवर काम करत होते आणि तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. त्या अडचणीतून सीव्हीएस निघाली. पुढची वीस वर्षं जगातल्या अर्ध्याअधिक मोकळ्या सॉफ्टवेअरचा कारभार तिच्यावर चालला असं म्हटलं तरी चालेल. या सगळ्यांत गोम एकच होती. मूळ वही एकाच ठिकाणी, एकाच सर्व्हरवर. तिथे बसलेला माणूस म्हणजे तलाठी.

आता लिनक्सकडे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ती सुरू केली. आज तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात आहे ती हीच. पहिली दहा वर्षं या प्रकल्पाला वहीच नव्हती, म्हटलं तर पटणार नाही. जगभरातून लोक ईमेलने दुरुस्त्या पाठवायचे, लिनस त्या वाचून पसंत पडल्या तर स्वतःच्या प्रतीत घालायचा आणि अधूनमधून सगळ्याचा एक गठ्ठा प्रसिद्ध करायचा. सीव्हीएसबद्दल त्याचं मत इतकं वाईट होतं की त्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटे. १९९८ मध्ये हे तुंबलं. दुरुस्त्या गहाळ होऊ लागल्या, लोक त्याच त्या पुन्हा पाठवू लागले, भांडणं झाली. लिनस चिडून काही दिवस बाजूलाच झाला.

तेव्हा लॅरी मॅकव्हॉय पुढे आला. एक माणूस एवढा भार उचलू शकत नाही, मी यासाठी साधन बनवतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बिटमूव्हर कंपनीने बिटकीपर बनवलं. त्यात गंमत अशी की मूळ वही एकाच ठिकाणी नाही, प्रत्येकाकडे पूर्ण वही. आपापल्या घरी नोंदी करा, नंतर एकमेकांशी जुळवा. २००२ च्या फेब्रुवारीत लिनसने ते वापरायला घेतलं आणि कामाचा वेग वाढला, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय.

पण बिटकीपर खासगी मालकीचं होतं. लिनक्सवाल्यांना फुकट, अटींवर. एक अट अशी की जो हे फुकट वापरेल त्याने याच्याशी स्पर्धा करणारं साधन बनवायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर टीका केली. ॲलन कॉक्स यांच्यासारख्या मोठ्या कार्यकर्त्याने बिटकीपरला हात लावला नाही. लिनसचं उत्तर सरळ होतं, मला चालणारं साधन हवंय, तत्त्वज्ञान नको. मला विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या.

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये जे घडलं ते जरा सविस्तर सांगतो.

बिटकीपर न वापरणाऱ्यांसाठी मॅकव्हॉयने लिनक्सची एक नक्कल सीव्हीएसमध्ये ठेवली होती, मूळ बिटकीपरमधून आपोआप भरली जाणारी. ५ नोव्हेंबरला त्याच्या लक्षात आलं की नकलेत एक बदल दिसतोय आणि मूळ वहीत त्याची नोंदच नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलंय आणि फेरफार क्रमांकच नाही! मंडळींनी ती ओळ उघडून पाहिली. सी या भाषेत ‘दोन गोष्टी सारख्या आहेत का’ असं विचारायचं असेल तर बरोबरची खूण दोनदा काढतात. एकदाच काढली तर तो प्रश्न राहत नाही, तो हुकूम होतो. ‘याची किंमत ही करून टाक’ असा. त्या ओळीत वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का, असं विचारल्यासारखं दिसत होतं. शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वेसर्वा. पण खूण एकच होती. म्हणजे ती ओळ विचारत नव्हती, करून टाकत होती. ठरावीक पद्धतीने हाक मारणारा कोणीही त्या यंत्राचा मालक झाला असता.

एका चिन्हाचा फरक. वाचताना डोळ्यांना सहज चकवणारा. ओळ वाचून हा डाव पकडला गेला नाही, वही जुळली नाही म्हणून पकडला गेला. कोणी केलं ते आजतागायत बाहेर आलेलं नाही. सुदैवाने तो बदल फक्त नकलेत होता, लिनसच्या मूळ प्रतीपर्यंत गेलाच नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर खटला भरला होता. दावा असा की आमच्या मालकीच्या युनिक्सचा मजकूर यांनी लिनक्समध्ये घुसवला. आता लिनक्समधली अमुक ओळ कोणी दिली, त्याला द्यायचा अधिकार होता का, हे शोधायचं तर जुनी ईमेलं उपसायची! म्हणून २००४ मध्ये लिनसने नियम आणला, प्रत्येक दुरुस्तीखाली देणाऱ्याने नावानिशी एक ओळ लिहायची की हे मी दिलंय आणि द्यायचा मला हक्क आहे. ती पुढे नेणाऱ्या प्रत्येकाने खाली आपलं नाव जोडायचं. लिनक्समध्ये आजही त्याशिवाय दुरुस्ती घेत नाहीत. आपल्याकडे फाइल टेबलावरून टेबलावर जाताना सह्या चढत जातात, तसंच. फरक एवढाच की त्या सह्या जगातल्या कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

बिटकीपरचा शेवट २००५ च्या एप्रिलमध्ये झाला. अँड्र्यू ट्रिजेल हा ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर, सांबा आणि आरसिंक या साधनांमुळे नावाजलेला. तो आणि लिनस त्या वेळी ओएसडीएल या एकाच संस्थेशी जोडलेले होते. ट्रिजेलने बिटकीपर कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळे त्याची अट त्याला लागू नव्हती. बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलून लिनक्सच्या नोंदी बाहेर काढणारं साधन त्याने लिहायला घेतलं. मॅकव्हॉय भडकला, हे चोरून पाहणं आहे म्हणाला आणि फुकट परवाना बंद केला. लिनसनेही उघडपणे ट्रिजेललाच दोष दिला. मग त्याच महिन्यात कॅनबेराच्या परिषदेत ट्रिजेलने सगळ्यांसमोर दाखवलं की आपण काय ‘हॅकिंग’ केलं. साध्या टेलनेटने सर्व्हरला जोडला आणि टाइप केलं, ‘हेल्प’. सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी स्वतःहून छापून दिली. सभागृह हसलं म्हणे.

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न राहतोच. नोंदी होत्या लिनक्सवाल्यांच्या, त्यांनीच घाम गाळून केलेल्या. पण त्या ज्या कपाटात होत्या त्याची किल्ली दुसऱ्याकडे होती.

लिनसने बाजारातली बाकीची साधनं चाळली, एकही पसंत पडलं नाही. ३ एप्रिलला त्याने स्वतःचं लिहायला सुरुवात केली. ७ एप्रिलला ते साधन स्वतःच्याच नोंदी ठेवू लागलं. चार दिवस! इंग्लंडच्या बोलीत गिट म्हणजे कटकट्या, नकोसा माणूस. आपण आपल्या प्रकल्पांना स्वतःचंच नाव देतो, असा विनोद लिनसने त्यावर केला होता. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरून निघाली. जुलैमध्ये त्याने गिटचा कारभार जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवला आणि तेव्हापासून तेच सांभाळतायत. आपलं गाजलेलं काम तीन-चार महिन्यांत दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं होणारी माणसं मी सार्वजनिक जीवनात फार पाहिलेली नाहीत. असो.

गिटची खुबी दोन गोष्टींत आहे. एक, प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला ४० अक्षर-अंकांचा ठसा असतो आणि त्यात आधीच्या नोंदीचा ठसाही मिसळलेला असतो. पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीतला स्वल्पविराम कोणी बदलला तरी तिथून पुढचे सगळे ठसे बदलतात. दोन, पूर्ण वही प्रत्येकाच्या घरी असते. गावाचं सगळं दप्तर प्रत्येक खातेदाराच्या कपाटात आहे असं समजा. मग एकट्या तलाठ्याने रात्रीतून पान बदललं तर सकाळी गावभर बोंब होणार.

पण गिट म्हणजे रामबाण नव्हे. नोंदीखालचं नाव आपलं आपणच टाइप करायचं असतं, वेगळी डिजिटल सही नसेल तर ते खोटंही असू शकतं. आणि माल वहीबाहेरून आला तर वही काय करणार? २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून विश्वास कमावलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने तो घातला होता. त्याचे काही तुकडे गिटमध्ये होते, पण त्यांना जागं करणारा तुकडा फक्त लोकांनी उतरवून घ्यायच्या तयार गठ्ठ्यात होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची खुटखुट लागली, म्हणून ते उघडं पडलं.

दुसरी गोष्ट किल्लीची. २००८ मध्ये गिटहब आलं. गिटच्या वह्या ठेवायची जागा आणि सोबत चर्चा, तक्रारी, दुरुस्त्यांची देवघेव. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. लिनक्सला २००१ मध्ये कॅन्सर म्हणणारी हीच कंपनी, तेव्हाच्या प्रमुखाच्या तोंडून. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर मर्यादा आल्या. वही त्यांच्या संगणकावर शाबूत होती, पण वहीभोवतीचा गावगाडा परक्याच्या आवारात होता. आणि बिटकीपर? २०१६ मध्ये मॅकव्हॉयने ते सगळ्यांसाठी मोकळं केलं. तोवर विचारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं.

आता हे सगळं मी का लिहितोय. आपलं पीक, रेशन, शिष्यवृत्ती, घरकुल, सगळं पोर्टलवर गेलंय. पोर्टल म्हणजे प्रोग्रामच. गेल्या हंगामात आपल्या भागातल्या कित्येकांना एका योजनेच्या पोर्टलवर सोमवारी ‘पात्र’ आणि गुरुवारी ‘अपात्र’ दिसलं. शासन निर्णय बदललेला नव्हता. विचारल्यावर खिडकीतून उत्तर आलं, सिस्टीममध्ये बदल झालाय. कोणी केला, कोणाच्या सहीने, कुठली अट बदलली? ते वरून होतं. कागदावरच्या एका नावाला कंस करायला आपल्याकडे नोटीस आणि हरकतीची मुदत लागते. इथे हजारो नावांना कंस झाला आणि फेरफार क्रमांक नाही.

सरकारी सॉफ्टवेअरचा मजकूर लोकांसाठी खुला करण्याचं धोरण केंद्राने २०१५ मध्येच जाहीर केलंय. २०२० च्या मे महिन्यात आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा मजकूर गिटहबवर टाकलाही होता. म्हणजे हे जमतच नाही असं कोणी सांगू नये.

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीन प्रश्न विचारलेत. त्या सोमवार ते गुरुवार या काळात त्या पोर्टलच्या प्रोग्राममध्ये झालेल्या बदलांच्या नोंदींची प्रत. ते बदल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि मंजुरीची तारीख. आणि त्या नोंदींची वही विभागाच्या ताब्यात आहे की ठेकेदाराच्या. तीस दिवसांची मुदत आहे. ज्यांना असंच ‘अपात्र’ दिसलं त्यांनी स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, अपिलात लागतील. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तरी टाकतो.