शिक्षणासाठी पहिलं भाड्याचं घर : करार नोंदवल्याशिवाय चावी घेऊ नका

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या संपतात आणि मालेगाव, बीड, परभणी, रत्नागिरीकडची मुलं-मुली पुण्या-मुंबईला निघतात. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही तर तीन-चार जणांनी मिळून फ्लॅट घ्यायचा. आपल्या मुलांना इथे एक जादा अडचण येते. फोनवर सगळं ठरतं आणि नाव सांगितलं की, "घर कालच गेलं" असं उत्तर मिळतं. चार ठिकाणी असं झालं की पाचव्या ठिकाणी जो हो म्हणेल त्याच्या हातात रोख डिपॉझिट ठेवून चावी घेतली जाते. कागद मागितला तर हेही घर जाईल, अशी भीती असते. पुढे फसवणूक होते ती याच भीतीमुळे.

आधीच स्पष्ट बोला

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी अशा सार्वजनिक जागांवर धर्म-जातीवरून अडवणूक करायला मनाई आहे. खासगी घरमालकाने घर कोणाला द्यावं, हे मात्र त्या कलमात थेट येत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा. किती जण राहणार, स्वयंपाकात मांसाहार असणार का, रमजानमध्ये पहाटे सहरीसाठी उठणार, हेही सांगून टाका. फेऱ्या वाचतात आणि नंतरची कटकट टळते.

करार कोणता हवा?

महाराष्ट्रात घर बहुतेक वेळा 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर मिळतं. "११ महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही" असं एजंट सांगतात. हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च किती?

मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं. भाडं १५,००० रुपये, मुदत ११ महिने आणि डिपॉझिट ५०,००० असेल, तर हे शुल्क साधारण ४२५ रुपये होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटकडून करून घेतल्यास त्याचे पैसे वेगळे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइन होते. चौघांत वाटला तर हा खर्च फार नाही. पण ५०,००० चं डिपॉझिट बुडालं तर अब्बूंची काही महिन्यांची बचत जाते.

सही करण्याआधी

- घर न पाहता 'टोकन' पाठवू नका.
- वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स टू पाहून मालक खरा आहे ना, याची खात्री करा.
- राहणाऱ्या सगळ्यांची नावं करारात घाला. एकाच्याच नावावर करार असेल तर भांडण झाल्यावर बाकीचे उघड्यावर पडतात.
- डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, नोटीस किती दिवसांची, मेंटेनन्स कोण भरणार, हे लिहून घ्या.
- डिपॉझिट आणि भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिलं तर पावती घ्या.

चावी घेताना आणि सोडताना

आत जाताच भिंती, नळ, पंखे, दारं यांचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग टिपा आणि दोन्ही मालकाला पाठवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायला मालकाने फोटो-आधार मागितलं तर घाबरू नका, ती नेहमीची प्रक्रिया आहे. मुदत संपल्यावर करार नवा करा किंवा घर सोडा. कलम २४ नुसार मुदतीनंतर तसंच राहिल्यास दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते.

नोंदणीकृत करार पत्त्याचा पुरावा म्हणून आधारसाठीही चालतो.

काही घरांत अम्मी-अब्बूंना वाटतं, माणूस भला दिसतोय, कागद कशाला मागायचा? पण मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला सूरह बकराच्या २८२ व्या आयतीपासून माहीत आहे. कागद मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं नव्हे. भला मालक त्याला नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याचं घर सोडलेलंच बरं.