डेटाबेस साधनांच्या दस्तऐवजीकरणाची वाटचाल : मानवी वाचकाकडून एजंटकडे (१९७०-२०२५)

१. प्रस्तावना

माहिती साठविणे आणि त्या माहितीचा अर्थ नोंदवून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निकालाच्या कोष्टकात 'गुण' या स्तंभाखाली ० अशी नोंद असेल, तर विद्यार्थ्याला शून्य गुण मिळाले की तो परीक्षेस गैरहजर होता, हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही. कार्यालयातील जुन्या लिपिकास ते ठाऊक असते. परंतु ते कोठेही लिहिलेले नसते. अशा अलिखित ज्ञानाची नोंद करण्याची गरज डेटाबेसचा वाचक बदलत गेला तशी कशी वाढत गेली, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. कोष्टकांचे स्व-वर्णन

१९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील ई. एफ. कॉड यांनी 'रिलेशनल' प्रारूप मांडले. माहिती यंत्रात कशी रचली आहे हे वापरकर्त्यास माहीत असण्याची गरज नसावी, ही त्यामागील भूमिका होती. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी 'सीक्वेल' ही भाषा सादर केली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. १९८५ मध्ये कॉड यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमांपैकी चौथा नियम येथे विशेष महत्त्वाचा आहे. डेटाबेसचे वर्णनही इतर माहितीप्रमाणेच कोष्टकांत असावे व ते त्याच भाषेत विचारता यावे, असे तो सांगतो. १९९२ च्या एसक्यूएल मानकातील 'इन्फर्मेशन स्कीमा' हे या विचाराचे प्रमाणित रूप होय.

तथापि या वर्णनात स्तंभाचे नाव व प्रकार असतो, अर्थ नसतो. 'गुण' हा पूर्णांक आहे एवढे ते सांगते. शून्याचा अर्थ सांगत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या प्रणालीत स्तंभास टीप जोडण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे.

साधनांच्या वर्णनाची परंपरा मात्र निराळी होती. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्स माहितीपुस्तिकेत प्रत्येक आज्ञेचे नाव, रूप व कार्य ठराविक क्रमाने दिलेले असून 'बग्ज' या शीर्षकाखाली तिचे दोषही नोंदविलेले आहेत. साधन काय करू शकत नाही हे सांगणे हाही दस्तऐवजीकरणाचा भाग आहे, ही जाणीव त्यात दिसते.

३. नैसर्गिक भाषेतील प्रश्न

१९७० च्या दशकाच्या आरंभी विल्यम वुड्स यांच्या 'लूनार' प्रणालीने चंद्रावरून आणलेल्या खडकांविषयीच्या इंग्रजी प्रश्नांना उत्तरे दिली. तिचा शब्दसंग्रह व व्याकरण त्या एका विषयापुरते हाताने रचलेले होते. म्हणजेच अर्थाची नोंद प्रणालीतच गोवलेली होती. २०१८ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेल्या 'स्पायडर' या चाचणीसंचात २०० डेटाबेस व १०,१८१ प्रश्न होते. येथे प्रणालीला अपरिचित डेटाबेसला सामोरे जावे लागले. २०२३ मधील 'बर्ड' या संचाने आणखी एक पाऊल टाकले. त्यातील ९५ डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष व्यवहारातील अव्यवस्थित नोंदी असून प्रश्नांसोबत संकेतांचे अर्थ स्पष्ट करणारी पूरक माहिती दिलेली आहे. ही माहिती पुरविल्यावर लँग्वेज मॉडेलची अचूकता लक्षणीयरीत्या वाढल्याचे आढळले. तरीही ती ९२.९६ टक्के या मानवी अचूकतेच्या बरीच मागे राहिली.

४. एजंट हा नवा वाचक

जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलना बाह्य साधने वापरण्याची सोय दिली, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हे खुले मानक प्रसिद्ध केले. दोहोंत साधनाचे नाव, साध्या भाषेतील वर्णन व अपेक्षित निविष्टींचा आराखडा मॉडेलपुढे ठेवला जातो. कोणते साधन केव्हा वापरावयाचे हे एजंट मुख्यतः या मजकुरावरून ठरवितो. वर्णन ही आता साधनासोबतची पुस्तिका न राहता साधनाच्या कार्याचाच एक भाग झाली आहे.

येथेच धोका संभवतो. अस्पष्ट वर्णन वाचून मनुष्य थांबतो व शेजाऱ्यास विचारतो. एजंट बहुधा तर्काने पुढे जातो. गैरहजर विद्यार्थ्यांचे शून्य सरासरीत मिळविले, तर आज्ञा निर्दोष चालते, उत्तर नीटनेटके येते आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदी पुसणाऱ्या साधनाबाबत तर चूक दुरुस्तही होत नाही. मार्च २०२५ मध्ये वरील मानकात साधन केवळ वाचन करते की विनाशक बदल करू शकते, हे दर्शविणाऱ्या खुणांची भर पडली. परंतु त्या खुणा केवळ सूचक आहेत. वर्णन खोटे असू शकते, म्हणून प्रत्यक्ष अधिकार डेटाबेसच्याच पातळीवर मर्यादित करणे आवश्यक ठरते.

५. निष्कर्ष

कॉड यांनी वापरकर्त्यास यंत्रातील रचनेच्या ज्ञानापासून मुक्त केले. अर्थाच्या ज्ञानापासून कोणीही मुक्त करू शकले नाही. ते ज्ञान दीर्घकाळ माणसांच्या स्मरणात राहिले व त्यावर काम भागले. एजंटपाशी ती स्मृती नसल्याने स्तंभाचा अर्थ, एकक, संकेत, रिक्त नोंदीचा आशय आणि साधनाची मर्यादा या गोष्टी लिहून ठेवणे अपरिहार्य झाले आहे. हे लेखन तंत्रज्ञ एकट्याने करू शकत नाही. शून्याचा अर्थ ज्या लिपिकास ठाऊक आहे, त्याचा सहभाग त्यात असणे अगत्याचे आहे. तो निवृत्त होण्यापूर्वी ही नोंद झाली, तर तिचा लाभ एजंटइतकाच त्याच्या जागी येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यासही होईल.